गिम्प शिकताना या चुका टाळा

श्रावण लागला की पुण्यातल्या मंडळांत एकच घाई उडते: पावतीपुस्तके, आमंत्रणपत्रिका, चौकातला फ्लेक्स. मंडळात ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून एखादा कॉलेजचा मुलगा असतोच. तो गिम्प हे फोटो-चित्रांवर काम करायचे सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि तासाभरात वैतागतो. गिम्प फुकट आहे आणि ताकदवानही आहे. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीने ते बरेच सोपेही केले. पण नवख्या माणसाला ते अडवते ते ठरलेल्या चार-पाच जागी. तिथे बिघाड क्वचितच असतो. आपण नेमके कशावर काम करतोय, एवढेच आपल्याला दिसत नसते.

म्हणून पहिली चूक सांगतो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याची. त्याने सहसा काही साधत नाही, कारण तुमच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि नव्या गिम्पलाही त्याच लागू होतात. टूलबॉक्स आणि लेअरचे (चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांचे) पॅनेल एकदम गायब झाले, तर नकळत टॅब दाबला गेला असेल. पुन्हा टॅब दाबा, सगळे परत येईल. तरी पॅनेल विस्कटलेलेच असतील तर एडिट मेनूतून प्रेफरन्सेस उघडा आणि विंडो मॅनेजमेंटमध्ये जागा पूर्ववत करण्याचे बटण दाबा.

ब्रश फिरतो, उमटत काहीच नाही

सगळ्यात जास्त विचारली जाणारी अडचण हीच. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबा. कुठे कोपऱ्यात चुकून केलेले बारीकसे सिलेक्शन असेल तर ते सुटते. सिलेक्शन असेपर्यंत गिम्प त्याच्या बाहेर एक ठिपकाही काढू देत नाही, आणि मोठे करून पाहत असताना ते सिलेक्शन स्क्रीनच्या बाहेर राहिलेले असते.

एवढ्याने भागले नाही तर लेअरचे पॅनेल बघा. निवडलेला लेअर तुम्हाला हवा तोच आहे का? त्याच्या शेजारचे डोळ्याचे चिन्ह चालू आहे का? कुलूप लागलेले नाही ना? लेअर मास्क (लेअरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) असेल तर तुम्ही चित्राऐवजी मास्कवर रंगवत असाल. दोन्ही छोट्या चित्रांपैकी जिच्याभोवती चौकट आहे तिच्यावर काम चालते. आणि लेअरभोवतीची पिवळी-काळी तुटक रेघ बघा. ती त्या लेअरची हद्द. बाहेरून आणलेला लोगो किंवा गणपतीचा फोटो मूळ चित्रापेक्षा लहान असतो, त्यामुळे त्याच्या हद्दीपलीकडे ब्रश चालत नाही. लेअर मेनूतून ‘लेअर टू इमेज साइज’ केले की हद्द चित्राएवढी होते.

अचानक सगळे चित्र लालसर दिसू लागले तर घाबरू नका. शिफ्ट आणि क्यू दाबले गेले आणि क्विक मास्क, म्हणजे रंगवून सिलेक्शन करण्याची सोय, सुरू झाली. तेच पुन्हा दाबा.

रंग भलतेच उमटत असतील, लाल निवडला आणि मातकट आला, तर फाइल बहुधा जिफ असते. ती इंडेक्स्ड मोडमध्ये उघडते आणि तिच्या ठरावीक रंगांपलीकडे जात नाही. इमेज मेनूतून मोड आरजीबी करा.

खोडरबराने पांढरे उमटते

फोटोची पार्श्वभूमी पुसायला गेलात आणि पारदर्शक चौकटींऐवजी पांढरा रंग आला, तर त्या लेअरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, नाही. जेपीजी तसाच उघडतो. लेअर मेनूत ट्रान्स्परन्सीमध्ये ‘ॲड अल्फा चॅनेल’ करा. शेवटी फाइल पीएनजीमध्येच काढा. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.

सेव्ह केले, पण छापखान्यात उघडेना

2012 मध्ये 2.8 आवृत्ती आली तेव्हापासून गिम्पचे ‘सेव्ह’ फक्त एक्ससीएफ, म्हणजे लेअर जपणारी गिम्पची स्वतःची फाइल बनवते. ती व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर समोरच्याला काही दिसणार नाही. जेपीजी किंवा पीएनजी हवी तर ‘एक्स्पोर्ट’. लोक याला शिव्या देतात, पण मला ही पद्धत योग्य वाटते. नुसता जेपीजी ठेवलात आणि रात्री अकराला कार्याध्यक्षांनी ‘आपलं नाव खाली का घेतलं?’ असे विचारले, तर नाव हलवायला लेअर उरलेला नसतो. दोन्ही फाइली ठेवा. आणि दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबा, कारण गिम्प काम चालू असताना आपणहून सेव्ह करत नाही. डेस्कटॉपवर काम असेल तर गुरुवारी जास्तच जपा. दुरुस्तीसाठी वीज घालवायचा पुण्यातला तो जुना वार.

मराठी मजकूर

युनिकोडमध्ये टाइप केलेली जोडाक्षरे गिम्प व्यवस्थित दाखवते. घोळ होतो जुन्या डीटीपीवाल्याकडून आलेल्या मजकुराचा. तो श्री-लिपी किंवा कृती देवसारख्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीत असतो आणि चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरने तो आधी युनिकोड करून घ्या. उलटेही घडते: मजकूर युनिकोड, पण निवडलेला फॉन्ट जुना. मग गिम्प गुपचूप दुसराच फॉन्ट वापरते आणि तुम्ही फॉन्ट बदलून थकता तरी अक्षर तेच राहते. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी कोणताही युनिकोड फॉन्ट घ्या. गिम्प उघडे असताना फॉन्ट टाकला असेल तर फॉन्टच्या पॅनेलमध्ये रिफ्रेश करावे लागते.

आणखी एक बारकावा, जो फार कमी लोक बघतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत असतील तर टेक्स्ट टूलच्या पर्यायांत खाली भाषा असते, तिथे मराठी निवडा. फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर आपल्या वळणाचे ‘ल’, ‘श’ येतात. शुद्धलेखनावरून पत्रिका परत पाठवणाऱ्या गावात हे केलेले बरे.

मजकूर तिरका किंवा मोठा करायचा तो सगळ्यात शेवटी. फिरवलेला मजकूर पुन्हा टेक्स्ट टूलने दुरुस्त करायला गेलात तर फिरवणे पुसले जाते.

फ्लेक्सचे माप

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक जण 1920 बाय 1080 पिक्सेलवर दहा फुटी फ्लेक्स बनवतो आणि अक्षरांच्या कडा फाटतात. दुसऱ्याने कुठेतरी ‘300 डीपीआय’ (इंचाला 300 ठिपके) ऐकलेले असते. दहा बाय चार फूट 300 वर घेतले की 36,000 बाय 14,400 पिक्सेल होतात. एका लेअरलाच दीड-दोन जीबी मेमरी लागते आणि लॅपटॉप गारठतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्याला 72 पुरे: 8,640 बाय 3,456. हातात धरायच्या पत्रिकेला मात्र 300 हवेत, आणि कापण्यासाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा.

व्हॉट्सॲपवरून साधा आलेला फोटो मोठ्या बाजूने बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास असतो. 300 ने छापला तर सव्वापाच इंच. तो ‘स्केल इमेज’ने ताणून पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

राहता राहिला रंग. स्क्रीनवरचा झळझळीत भगवा चार शाईंत तसाच उतरत नाही, थोडा विझतो. व्ह्यू मेनूत कलर मॅनेजमेंटमध्ये ‘प्रूफ कलर्स’ चालू करून छपाईत रंग कसा दिसेल याचा अंदाज घ्या. छापखान्याचे रंग-प्रोफाइल (त्यांच्या मशीनवर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मिळाले तर फारच छान. 3.0 मध्ये सीएमवायके (चार शाईंच्या रंगांतली) जेपीजी किंवा टिफ काढण्याचीही सोय आहे, पण अनेक फ्लेक्सवाले आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतली) फाइलच मागतात. तेव्हा आधी विचारा, आणि पूर्ण फ्लेक्स काढण्याआधी फूटभराची पट्टी छापून बघा.