किशोरांच्या फँटसीबद्दल मत कसं बनवायचं आणि कसं मांडायचं

यंग अ‍ॅडल्ट फँटसी वाचून झाली की बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात: कथानक काय आहे आणि पुस्तक आवडलं की नाही. कथानक मलपृष्ठावर छापलेलंच असतं. आणि नुसत्या आवडी-नावडीचा ऐकणाऱ्याला उपयोग नसतो, कारण तुमची आवड कशी आहे हे त्याला ठाऊक नसतं. ज्यांच्या मताला मी मान देते ते वाचक तिसरंच काही सांगतात. पुस्तकात जे कल्पनेतलं आहे, म्हणजे ती जादू, ते भविष्यातलं राज्य, ते यंत्र, ते त्या मुलीला किंवा मुलाला नेमकं कशासमोर उभं करतं? आणि ते काढून घेतलं तर गोष्ट उरते का? माझं मत या एका प्रश्नाभोवती तयार होतं. ते कसं, ते इथे सांगते.

वाचताना पेन्सिल हातात ठेवा

मत वाचताना तयार होतं आणि पुस्तक मिटलं की त्यातलं बरंचसं विसरायला होतं. म्हणून खूण लगेच करा. मी समासात तीनच खुणा करते. मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचावासा वाटला तिथे उभी रेघ. नजर ओळींवरून घसरत पुढे गेली तिथे फुली. आणि ‘हे असं कसं?’ असं मनात आलं तिथे प्रश्नचिन्ह. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाच्या चिठ्ठ्या लावा, ई-बुक असेल तर हायलाइटचे रंग वेगळे ठेवा.

माझ्या फुल्या बहुतेकदा दोन ठिकाणी सापडतात: लांबलेल्या लढाईच्या वर्णनात, आणि एखादा शहाणा म्हातारा त्या जगाचा हजार वर्षांचा इतिहास सांगत बसतो तिथे. प्रश्नचिन्हांचं वेगळं आहे. पुढे उत्तर मिळालं की ते खोडायचं. शेवटच्या पानापर्यंत जी प्रश्नचिन्हं तशीच राहतात, त्यांच्यावर लिहायचं.

नियम काय आणि त्याची किंमत कोण मोजतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कल्पित जगाला नियम हवेत हे सगळेच म्हणतात. ब्रँडन सँडरसन या लेखकाने त्याचं सूत्रच मांडलं आहे: वाचकाला जादू जितकी नीट समजली असेल तितकाच लेखकाला तिच्या जोरावर पेच सोडवता येतो. सूत्र चांगलं आहे, पण किशोरांच्या पुस्तकात मला तेवढ्याने समाधान होत नाही. नियमाची किंमत कोण मोजतं, हे मी आधी बघते.

सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’चं (२००८) पहिलं प्रकरण यासाठी पुन्हा उघडून बघा. तिथे दर वर्षी सोडत निघते, आणि जिचं किंवा ज्याचं नाव निघतं त्याला जिवावरच्या खेळात उतरावं लागतं. या सोडतीत बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथवर नियम सगळ्यांना सारखा वाटतो. पण घरात खायला नसेल तर नावाची जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल घेता येतं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक चिठ्ठी, आणि या चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची आहे, म्हणजे वयाच्या चिठ्ठ्या पाच. स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी दर वर्षी तीन, पाच वर्षांच्या पंधरा. एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा आहे आणि त्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त, त्याच्या चिठ्ठ्या बेचाळीस. धाकट्या बहिणीला, प्रिमला मात्र कॅटनिस हे धान्य घेऊच देत नाही, म्हणून तिची चिठ्ठी फक्त एक. आणि तीच निघते.

एवढ्या बेरजेत भूक आहे, वर्गभेद आहे, बहिणीवरची माया आहे आणि ती माया कशी हरते तेही आहे. राजवट क्रूर आहे हे वेगळं पटवून देण्याची गरज राहत नाही. ‘जग छान उभं केलंय’ असं तुम्हाला लिहावंसं वाटेल तेव्हा थांबा आणि अशी एक जागा शोधा. तिचा हिशेब मांडून दाखवा. वाक्य आपोआप वजनदार होतं.

दुसरी कसोटी: नियम कामाला येण्याआधी वाचकाला शिकवला होता का? फिलिप पुलमनच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये (१९९५) प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो, त्याला डीमन म्हणतात. लहान मुलांचे डीमन सतत रूप बदलतात आणि वयात येताना एका रूपात स्थिर होतात. किशोरवयावरची याहून नेमकी कल्पना माझ्या वाचनात नाही. माणूस आणि डीमन एकमेकांपासून फार लांब जाऊ शकत नाहीत. पुलमन हे नुसतं सांगून सोडत नाही. नायिका लायराचा डीमन पँटलायमन एकदा हट्टाने तिच्यापासून दूर सरकतो, आणि दोघांच्याही जिवाची जी ओढाताण होते ती आपण तिच्यासोबत सोसतो. म्हणून पुढे, डीमन तोडून काढलेला एक मुलगा बर्फाळ अंधारात बसलेला सापडतो आणि त्याने डीमनच्या जागी एक सुका मासा छातीशी धरलेला असतो, तेव्हा समजावून सांगायला काहीच शिल्लक नसतं. माझ्या प्रतीत त्या पानावर दोन रेघा आहेत, वेगवेगळ्या वाचनांच्या.

याच्या उलट, शेवटच्या काही प्रकरणांत नायिकेच्या अंगात अचानक नवी शक्ती जागी होते आणि सगळे शत्रू आडवे होतात, अशी पुस्तकं खूप आहेत. त्यात राग येण्यासारखं काय आहे ते स्पष्ट लिहा. तिने जे आधी गमावलं, सोसलं, शिकली, त्या सगळ्याची लेखक किंमत शून्य करतो.

पण म्हणून प्रत्येक जादूचं पाठ्यपुस्तक हवं असंही नाही. उर्सुला ले ग्वीन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त (१९६८) गेड मोठ्या उमेदीने ऑगियन या जादूगाराचा शिष्य होतो. वाटेत पाऊस लागतो. कुठलाही साधा मांत्रिक ढग दुसरीकडे ढकलू शकतो, हे गेडला माहीत आहे. ऑगियन मात्र पाऊस पडू देतो आणि झाडाखाली आडवा होतो. गेड भिजत, कुढत बसतो. शक्ती असूनही ती न वापरण्याचं कारण काय, हे त्या मुलाला कळायला जवळजवळ सगळं पुस्तक जावं लागतं. तिथे जादू कशी चालते याचा तक्ता नाही, तरी एकही प्रश्नचिन्ह करावंसं वाटत नाही. तेव्हा नियम कमी-जास्त कितीही असोत, तुम्ही विचारा की त्या नियमामुळे मुलाच्या मनात काही हललं का.

निर्णय कुणाचा होता

यंग अ‍ॅडल्ट म्हणजे साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीचं पुस्तक, पण नायिका सोळा वर्षांची आहे म्हणून पुस्तक आपोआप त्या वयाचं होत नाही. मोक्याच्या क्षणी निर्णय कोण घेतं ते पाहा. लोइस लोरीच्या ‘द गिव्हर’मध्ये (१९९३) आपल्या बंदिस्त समाजातून पळून जाण्याची योजना जोनास हा मुलगा आणि गिव्हर, म्हणजे समाजाच्या जुन्या आठवणी जपणारा म्हातारा, मिळून आखतात. पण बाळ गॅब्रिएलचा जीव धोक्यात आहे हे कळल्यावर ती योजना बाजूला टाकून रातोरात निघण्याचा निर्णय एकट्या जोनासचा. त्याच पुस्तकात आधी एक साधं दृश्य आहे: दोन मित्र सफरचंद फेकून झेलतायत आणि हवेत असताना ते क्षणभर ‘बदलतं’. काय बदललं ते जोनासला सांगता येत नाही, कारण त्याच्या जगात रंगच नाहीत. ते दृश्य आणि तो निर्णय यांना जोडणारी वाट शोधा. ती सापडली की पुस्तकाबद्दल बोलायला सुरुवात करता येते.

नील शुस्टरमनच्या ‘साइद’मध्ये (२०१६) माणसाने मृत्यूवर मात केली आहे, आणि लोकसंख्या आवरण्यासाठी नेमलेले साइद माणसं निवडून मारतात. नियम एकच, पण फॅरडे हा साइद जुन्या काळातल्या मृत्यूंची आकडेवारी पाहून माणूस निवडतो आणि क्युरी ही दुसरी साइद ज्यांच्या चेहऱ्यावर जगण्याचा कंटाळा दिसतो त्यांना निवडते. यातलं काय जास्त न्याय्य, असा पेच शिकाऊ सिट्रा आणि रोवनसमोर उभा राहतो, आणि वाचणाऱ्यासमोरही. मी हे पुस्तक ज्यांना ज्यांना दिलं, त्यांच्याशी भांडणं या एकाच मुद्द्यावर झाली. अशी भांडणं घडवणाऱ्या पुस्तकाला मी वरचं स्थान देते.

डायना विन जोन्सच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये (१९८६) तर तरुण सोफी शापामुळे म्हातारी होते आणि तेव्हाच पहिल्यांदा मनातलं धडाधड बोलू लागते. तरुण मुलीला गप्प बसायला कोण लावतं, हे शाप काढून टाकला तर दिसणारच नाही.

बाकीचं थोडक्यात

प्रेमाचा त्रिकोण असला म्हणून नाक मुरडू नका. त्या वयात ते महत्त्वाचं असतं. फक्त एवढं बघा की दोन मुलांपैकी एकाला निवडताना नायिका कुठल्या तरी जगण्याची निवड करतेय का, की लेखकाला पानं भरायची आहेत.

प्रथमपुरुषी वर्तमानकाळ आता इतका रुळला आहे की तो लक्षातही येत नाही. मधलं एखादं पान मोठ्याने वाचा. आवाज त्या एका मुलीचा वाटला तर ठीक. कुठल्याही पुस्तकातल्या कुठल्याही नायिकेचा वाटला तर तेच लिहा, आणि ज्या वाक्यावरून वाटलं ते वाक्य पुढे ठेवा.

एखाद्या समाजाच्या पुराणांवर, देवतांवर उभं केलेलं जग असेल तर नावं आणि कपडे काढून बाजूला ठेवून बघा. मुलं घरात कुणाला घाबरतात, मेलेल्यांचं काय करतात, वचन मोडलं तर काय होतं, यात तो समाज दिसला पाहिजे.

ट्रिलॉजीचा पहिला भाग वाचून पूर्ण मालिकेवर निकाल देऊ नका. पॅट्रिक नेसच्या ‘द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो’सारखा (२००८) भाग ऐन कड्यावर संपतो, तेव्हा अर्धवट राहिल्याची तक्रार करण्याआधी ते दार त्या क्षणी बंद करण्यामागे काय साधलं ते पाहावं. मधल्या भागाला मात्र सवलत देऊ नका. तिथे कुणी बदललं नसेल तर तो भाग केवळ पुढच्या पुस्तकाची वाट बघतोय.

लिहिताना

पहिलं वाक्य एखाद्या नेमक्या जागेबद्दल असू द्या: सोडतीच्या चिठ्ठ्या, सुका मासा, न थांबवलेला पाऊस. मग त्या जागेमुळे तुमच्या मनात काय झालं. मग बाकी पुस्तक त्या जागेला न्याय देतं का. कथानक शेवटी, आणि गरजेपुरतंच.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या एक तृतीयांश भागातलं उघड करायला माझी हरकत नसते. त्यापुढचं सांगणं भाग असेल तर आधी ठळक इशारा द्या. कोण मरतं ते मात्र कधीच सांगू नका. तेरा वर्षांच्या वाचकाला तो धक्का स्वतः खाण्याचा हक्क आहे.

पुस्तक पटलं नसेल तर मोकळेपणाने लिहा, पण लेखकाला काय करायचं होतं ते आधी प्रामाणिकपणे मांडा. ‘मुलांसाठी ठीक आहे’ हे वाक्य मी कुणाच्याही मतात सहन करत नाही. मुलांसाठी म्हणून कमी नीट लिहिलं तरी चालेल असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि वर उल्लेख केलेल्या एकाही लेखकाने तसं गृहीत धरलेलं नाही.

कुणासाठी सुचवताय तेही लिहा, आणि वयापेक्षा स्वभाव सांगा. शेवट उघडा राहिला तर ज्याला झोप येत नाही अशा मुलाला ‘द गिव्हर’ देताना सांगून ठेवावं लागतं की पुढे आणखी पुस्तकं आहेत.

आणि मताखाली तारीख घाला. अर्थसीच्या पहिल्या पुस्तकात रोक बेटावरची जादूची शाळा फक्त मुलग्यांची आहे. तिसरा भाग १९७२ मध्ये आला. त्यानंतर १९९० मध्ये ‘तेहानू’ आलं, आणि त्यात ले ग्वीन यांनी शक्ती गमावलेल्या गेडपेक्षा दुसऱ्या भागातल्या, आता मध्यमवयीन झालेल्या टेनारला आणि एका भाजलेल्या मुलीला मध्यभागी आणलं. त्या जगात बायकांना जागा कुठे होती, हा प्रश्न लेखिकेने स्वतःच स्वतःच्या पुस्तकांना विचारला. ‘तेहानू’ वाचून झाल्यावर पहिलं पुस्तक पुन्हा वाचा, जुनं मत खोडू नका, त्याच्याखाली नव्या तारखेने नवं लिहा.