किराणा दुकानाची घडी नीट बसवायची तर सुरुवात गल्ल्यापासून करा

सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक असतं, दुपारी जेवायला सवड मिळत नाही, आणि तरीही ठोक व्यापाऱ्याचा माणूस वसुलीला आला की गल्ल्यात पुरेसे पैसे नसतात. अशा वेळी दुकानदार एक तर आणखी माल भरतो, नाही तर कर्ज काढतो. दोन्ही घाईचे उपाय आहेत, असं माझं ठाम मत आहे. विक्री होऊनही पैसा पुरत नसेल, तर तो बहुतेक वेळा घरखर्चात, उधारीत किंवा फळीवर गेलेला असतो. तिथून तो मोकळा करायचा, आणि याच क्रमाने. पहिली पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे फसवे निघतात.

पायरी 1: दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा करा

गल्ल्यातून शाळेची फी जाते, पेट्रोल जातं. फळीवरून साबण, चहा, तेल घरात जातं. यात गैर काही नाही, पण ते कुठेच लिहिलेलं नसतं, हे वाईट. दुकानाच्या नावाने बँकेत चालू खातं उघडा आणि काउंटरवरचा क्यूआर कोड त्याच खात्याला जोडा. स्वतःला महिन्याचा पगार ठरवून घ्या आणि तो एका तारखेला एकदाच उचला. घरी नेलेला माल खरेदीच्या भावाने ‘घरखर्च’ म्हणून वहीत टाका. गाळा स्वतःचा असला तरी त्या रस्त्यावर चालतं तेवढं भाडं खर्चात धरा. घरातलं माणूस गल्ल्यावर बसत असेल तर त्याची मजुरीही धरा. हे सगळं वजा करून जे उरतं, तोच धंद्याचा नफा.

रोजमेळ, म्हणजे दिवसभरात आलेल्या-गेलेल्या पैशांची नोंद, रोज रात्री लिहायचा. प्रत्येक गिऱ्हाईकाचं बिल होत नसेल तर रोख विक्री उलट्या बाजूने काढता येते. समजा, सकाळी गल्ल्यात 2,000 रुपये होते आणि रात्री 9,400 आहेत. दिवसभरात ब्रेडवाल्याला 1,800, हमालाला 100 आणि घरी 500 असे 2,400 रुपये दिले. 9,400 आणि 2,400 मिळून 11,800. त्यातून सकाळचे 2,000 वजा केले की 9,800. यातले 1,300 जुन्या उधारीचे आले असतील, तर आजची रोख विक्री 8,500. यूपीआयने आलेले पैसे वेगळ्या रकान्यात लिहा. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सचं भाडं परस्पर कापलं जात असेल तर तेही खर्चात धरा. कुठल्या दिवशी आकडा विचित्र दिसला तर तसाच राहू द्या. खिशातून भर घालून तो ‘जुळवला’ की त्या वहीचा उपयोगच संपतो.

पायरी 2: उधारीला तारीख आणि मर्यादा लावा

उधारी बंदच करा, असं मी सांगणार नाही. गावात आणि चाळीत गिऱ्हाईक उधारीवरच बांधलेलं असतं, आणि माणूस ओळखून दिलेली उधारी ही छोट्या दुकानाची मोठी ताकद आहे. पण बुडालेल्या उधारीचा हिशेब फार कमी जण मांडतात. दहा टक्के सुटणाऱ्या मालाची 500 रुपयांची उधारी बुडाली, तर तुमच्या खिशातला 450 रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला 4,500 रुपयांचा माल विकावा लागतो, आणि त्या विक्रीत तुमच्या हाती काहीच उरत नाही.

एका रविवारी दुपारी दुकान बंद असताना वही घेऊन बसा. प्रत्येक नावापुढची बाकी तीन रकान्यांत टाका: महिन्याच्या आतली, तीन महिन्यांच्या आतली, आणि त्याहून जुनी. जुना रकाना फुगलेला असेल तर नव्या मालासाठी पैसा का नाही, याचं उत्तर तिथेच सापडतं.

मग वसुलीचा दिवस गिऱ्हाईकाच्या हातात पैसा येतो त्या दिवसाशी बांधा. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचं बिल बऱ्याच ठिकाणी दर दहा दिवसांनी होतं, नोकरदाराचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतो, रोजंदारीवाल्याच्या हातात आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे असतात. त्या दिवशी आठवण केली तर माणूस देतो. वीस तारखेला तगादा लावला तर तो दुकानावरून जायचा रस्ताच बदलतो. बोलायचंही साधंच: ‘काकू, पाच तारीख झाली, मागचं मिटवून नवीन पान लावू या का?’

गिऱ्हाईक एका महिन्यात जेवढा माल नेतं, तेवढीच त्याची उधारीची मर्यादा ठेवा. मर्यादा भरली की नवा माल रोखीने द्यायचा आणि जुनी बाकी हप्त्याने घ्यायची. मोठी बाकी असेल तर रक्कम आणि तारीख लिहून त्याखाली गिऱ्हाईकाची सही घ्या. मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी लेखी कबुलीवर सही घेतली तर सहीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. किराण्याच्या बाकीसाठी कोर्टात कोण जातं, हे खरं. पण सही करताना माणूस आकडा नीट वाचतो, आणि नंतरचा वाद टळतो.

पायरी 3: फळीवर झोपलेला माल उठवा

फळीफळीने मोजणी करा. ज्या मालाला दोन महिन्यांत हात लागला नाही त्याची वेगळी यादी करा, प्रत्येकाची एक्सपायरी लिहा आणि सेल्समन आला की आधी ती यादी त्याच्यापुढे ठेवा. बदलून मिळेल ते बदलून घ्या. बाकीचं लागत किमतीला, गरज पडली तर थोड्या तोट्यानेही काढून टाका. त्या पैशात साखर-तेल आणलं तर ते महिन्यातून दोनदा-तीनदा फिरतं.

स्कीमचा मोह आवरणं कठीण असतं. ‘दहा बॉक्सवर एक फुकट’ ऐकायला गोड वाटतं, पण तो बॉक्स महिन्याला एकच खपत असेल तर तुम्ही अकरा महिन्यांचा माल उचललात. तेवढ्या काळात एक्सपायरी आली की फुकटच्या बॉक्ससकट नफा गेला. महिन्याचा खप माहीत असल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. नवा माल नेहमी मागे लावायचा आणि जुना पुढे ओढायचा, हे पोऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवा.

पायरी 4: सुट्या मालाचं वजन

पन्नास किलोची साखरेची गोणी फोडून किलोकिलोच्या पुड्या बांधताना प्रत्येक पुडीत फक्त 10 ग्रॅम जास्त पडले, तर गोणीमागे जवळपास अर्धा किलो जातं. साखर 44 रुपये किलो धरली तर ते 22 रुपये झाले. किलोमागे दोन रुपये सुटत असतील तर अख्ख्या गोणीत मिळणार 100, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा पुड्यांतच गेला. काट्यावर रिकामी पिशवी ठेवून आधी शून्य करा आणि शेवटचे दाणे चमच्याने घाला. गिऱ्हाईकाला कमी द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पायरी 5: कागदपत्रं आणि कर्ज

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योग-धंद्यांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. किरकोळ व्यापाऱ्यांनाही 2021 पासून ती करता येते आणि बँकेकडून कर्ज घेताना उपयोगी पडते. जीएसटीत असाल आणि वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल, तर कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी पद्धत, बसते का हे कर सल्लागाराला विचारा. त्यात व्यापाऱ्याला एक टक्का कर भरावा लागतो, पण गिऱ्हाईकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही.

कर्जाचा विचार यानंतर करा. तीन महिन्यांचे रोजमेळ, उधारीची यादी आणि मोजलेला माल समोर असला की नेमकी किती रक्कम लागते ते कळतं, आणि कित्येकदा ती मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमी निघते. छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारच्या मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाचा ‘शिशु’ गट आहे. फ्रीजसाठी किंवा सणाच्या मालासाठी तेवढं पुरत असेल तर त्याहून जास्त उचलू नका. बँकेत जाताना रोजमेळ, उधारी आणि मालाच्या मोजणीच्या तिन्ही वह्या सोबत न्या.