आई किंवा बाबांचं दुखणं लांबलं, तर मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

संधिवात, मधुमेह, एपिलेप्सी, किडनीचा विकार: आजार कोणताही असो, तो वर्षानुवर्षं घरात राहणार असेल तर मुलांपासून लपत नाही. आजाराचं नाव त्यांना ठाऊक नसतं, पण दार लावून चाललेलं बोलणं, वाढत गेलेल्या गोळ्या, संध्याकाळी सातलाच आडवी झालेली आई हे सगळं ती बघत असतात. जे कुणी सांगत नाही ते मूल स्वतःच्या मनाने ठरवून टाकतं, आणि ते बहुतेकदा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

"लहान आहे, त्याला काय कळतंय"

साधारण ३ ते ७ वर्षांच्या मुलांना वाटतं, आपल्या मनात आलं किंवा आपण तसं वागलो म्हणून गोष्टी घडतात. "मी हट्ट केला म्हणून आईला दुखतंय" असं मूल मनाशी धरून बसतं आणि कुणाला बोलून दाखवत नाही. म्हणून त्याने विचारलं नाही तरी तीन गोष्टी आपणहून सांगा: हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, मिठी मारल्याने तो तुला होणार नाही, मला बरं नसेल तेव्हा तुझ्याजवळ अमुक माणूस असेल. त्या माणसाचं नाव घ्या. आजार संसर्गजन्य असेल तर दुसरं वाक्य बदलून काय काळजी घ्यायची ते नेमकं सांगा. हे एकदा सांगून भागत नाही, दर काही महिन्यांनी पुन्हा बोलावं लागतं.

आजाराचं खरं नाव वापरा. नुसतं "बरं नाहीये" म्हटलं तर स्वतःला सर्दी झाली तरी मूल धास्तावतं. ऑपरेशनच्या वेळी "डॉक्टर झोपवणार आहेत" असं सांगितलेली मुलं रात्री झोपायला घाबरू शकतात. "भूल देतात, त्यात दुखत नाही, काम झालं की शुद्धीवर येतात" असं सांगा. पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन वाक्यं पुरतात: "बाबांच्या किडन्या रक्त साफ करू शकत नाहीत. आठवड्यातून तीनदा मशीन ते काम करतं. दर वेळी चार तास लागतात." किशोरवयीन मुलांच्या मनात मात्र "मलाही होईल का?" हा प्रश्न असतोच. तो टाळला की ती इंटरनेटवर शोधतात आणि सगळ्यात वाईट तेवढंच वाचतात. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

आई, बाबा आणि घरातली इतर मोठी माणसं वेगवेगळं सांगत असतील तर सगळ्यांनी बसून तीन-चार वाक्यं ठरवून घ्या.

आजाराचा परिणाम दिसतो, कारण सांगितलं जात नाही

संधिवातासारख्या आजारात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड गोळ्यांचा डोस जास्त असला की चिडचिड वाढू शकते, झोप उडते, चेहरा सुजतो. मुलाला एवढंच दिसतं की बाबा सारखे ओरडतात. "या गोळ्यांनी मला लवकर राग येतो. ओरडलो तर चूक माझी, तुझी नाही" हे आधीच सांगून ठेवा. (आणि राग येतो म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं.)

थकवा तर डोळ्यांना दिसतच नाही. सकाळी हसणारी आई दुपारी खेळायला नाही म्हणते, तेव्हा मुलाला ती नाराजी वाटते. यावर आज अंगात किती ताकद आहे ते दाखवणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड फ्रिजवर लावायची युक्ती चांगली चालते, पण ती दोन ठिकाणी फसते. एक, पालक अपराधी वाटून हिरवंच ठेवतात आणि मुलाचा कार्डावरचा विश्वास उडतो. दुसरं, लाल रंगापुढे काहीच लिहिलेलं नसतं, मग लाल म्हणजे "आज तू नकोस" असा अर्थ होतो. म्हणून प्रत्येक रंगापुढे त्या दिवशी एकत्र काय करायचं ते तुम्ही आणि मूल मिळून लिहा. हिरव्याला बाहेर फिरणं, पिवळ्याला बसून खेळायचा खेळ, लालला शेजारी पडून गोष्ट ऐकणं. मूल शाळेतून यायच्या आधी कार्ड पुन्हा तपासा, कारण दुपारपर्यंत सकाळचा रंग टिकत नाही.

"नक्की येईन" आणि "काही होणार नाही"

पाळता न येणारं वचन देऊ नका. बेत सांगताना तो फसला तर काय, हेही सोबत सांगा. "शनिवारी यायचं ठरवलंय. नाही जमलं तर मावशी येईल आणि व्हिडिओ काढेल, तो आपण रात्री बघू."

"तू मरणार नाहीस ना?" याला "छे, काहीतरीच!" हे उत्तर नव्हे. डॉक्टरांचं तसं मत असेल तर म्हणा, "हा आजार पूर्ण जात नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो. काही बदललं तर मी तुला सांगेन." शेवटचं वाक्य पाळायचं असतं.

मदत कुठे संपते

पाणी आणून देणं, कपड्यांच्या घड्या घालणं ठीक आहे. औषधांच्या वेळा सांभाळणं, रात्री जागणं, आईचं रडणं समजूत घालून थांबवणं, पैशांची चिंता ऐकणं ही मुलाची कामं नाहीत. एक कसोटी वापरा: मूल हे काम विसरलं तर कुणाच्या जिवावर बेतेल का? बेतणार असेल, तर ते मोठ्या माणसाचं काम. "आता तूच घरातली मोठी" असं कौतुकही करू नका. त्यानंतर त्या मुलीला "मला जमत नाही" म्हणायची सोय उरत नाही.

अपवाद फक्त आणीबाणीचा. तिथेही तीनच पायऱ्या शिकवा, कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि अधूनमधून सराव करा. एपिलेप्सीची फिट आली तर: घड्याळ बघायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवायच्या, मोठ्या माणसाला फोन करायचा. तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स. मधुमेहात रक्तातली साखर उतरली असेल आणि आई शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर आधीच मोजून ठेवलेली १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडावाटे काहीच द्यायचं नाही, थेट ॲम्ब्युलन्स. फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉल लागतो, हे प्रत्यक्ष दाखवून ठेवा. सरावात कॉल मात्र लावू नका.

शाळेला अंधारात ठेवणं

वर्गशिक्षकांना सांगा, पण काय सांगायचं ते मुलाला विचारून. वर्गात सगळ्यांसमोर चौकशी करू नये, हेही त्यांना स्पष्ट सांगा.

फक्त त्रास देणाऱ्या मुलाकडे लक्ष देणं

शाळेच्या वेळी पोट दुखणं, सुटलेली सवय परतून अंथरूण ओलं होणं, शाळेत जायला नकार ही लक्षणं लगेच दिसतात. एकाएकी शहाणं झालेलं मूल मात्र नजरेतून सुटतं: हट्ट नाही, मित्रांकडे जाणं बंद, आईच्या खोलीत सारखं डोकावून बघणं. असे बदल दोनेक आठवडे टिकले तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला दाखवा. मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल मूल बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.