जुन्या गाडीच्या इंजिनाचे पार्ट ऑनलाइन लिलावात घेताय? या चुका टाळा

जुन्या गाडीच्या पार्टला लिलावात जादा पैसे जातात, त्याचं कारण बहुतेक वेळा लिलावात नसतंच. इंजिन उघडलेलं नसतं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजलेला नसतो, मिस्त्रीने नुसतं "पिस्टन गेलेत वाटतं" म्हटलेलं असतं आणि पात्रांव, म्हणजे मालक, रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर पिस्टन सेट शोधत असतात. काय हवंय हेच पक्कं नसलं की दिसेल तो पार्ट दुर्मीळ वाटतो. आणि एकदा दुर्मीळ वाटला की भावाचा विचार मागे पडतो.

गोव्यात हे जास्त घडतं, कारण इथे गाड्याच तशा आहेत. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात परदेशी गाड्या आणायला भारतासारखी अडवणूक नव्हती. त्यामुळे मॉरिस मायनर, ओपेल, बीटल, डिझेल मर्सिडीज असा माल इथे आला आणि त्यातला काही साष्टी-बार्देसच्या शेडांमध्ये अजून टिकून आहे. पावसाळ्यात या गाड्या बाहेर पडत नाहीत. मालक घरी, गाडी ताडपत्रीखाली आणि इंटरनेट चालू: बोली लावण्याचा खरा मोसम तो. त्यात "चतुर्थीपर्यंत इंजिन सुरू व्हायला हवं" असं कोणी ठरवून बसलं असेल तर विक्रेत्याचं कल्याण झालंच म्हणून समजा.

चूक: गाडीचं नाव टाकून पार्ट शोधणं

पार्ट गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. मॉरिस मायनर म्हटलं की एकच इंजिन डोळ्यांपुढे येतं, प्रत्यक्षात ए-सीरीज या ब्रिटिश इंजिन-मालिकेतली तीन आहेत. १९५६ पर्यंत ८०३ सीसी, त्यानंतर १९६२ पर्यंत ९४८ आणि पुढे १०९८. ८०३ चा बोअर ५८ मिलिमीटर, ९४८ चा जवळपास ६३ आणि १०९८ चा साडेचौसष्टच्या किंचित वर. आता आरसी बुकात १९५५ लिहिलंय म्हणून ८०३ चे पिस्टन मागवले आणि मधल्या साठ-सत्तर वर्षांत कोणीतरी ९४८ चं इंजिन बसवलेलं निघालं, असं सहज होतं. इंजिन नंबर वाचा. एपीएचएमने सुरू झाला तर ८०३, ९एमने सुरू झाला तर ९४८, १०एमए असेल तर १०९८. पाटी गंजली असेल तर खरवडू नका. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसा आणि टॉर्च तिरपा धरून वाचा.

बीटलमध्ये सापळा वेगळा आहे. १२०० आणि १३०० या दोन्ही इंजिनांचा बोअर ७७ मिलिमीटर. लिलावात "७७ मिमी पिस्टन-बॅरल सेट" दिसला की माणूस खूश. पण १२०० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६४ आहे आणि १३०० चा ६९, म्हणजे बोअर जुळला एवढ्यावर काही ठरत नाही. १५०० ला ८३ आणि १६०० ला ८५.५. जनरेटरच्या स्टँडखाली क्रँककेसवर कोरलेला नंबर बघितल्याशिवाय शोध सुरूच करू नका. बीटल मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिच्या इंजिनाचे नवे पार्ट जगभर ढिगाने मिळतात. बीटलच्या साध्या पार्टपुढे कोणी "अतिदुर्मीळ" लिहिलं असेल तर तो विक्रेता एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

मर्सिडीजवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट, जी माहीत असली तर हजारो रुपये वाचतात. पार्ट नंबरात ए या अक्षरानंतरचे पहिले तीन आकडे तो पार्ट मुळात कुठल्या इंजिनासाठी काढला ते सांगतात. ६३६ म्हणजे १८० डीचं १७६७ सीसी इंजिन, ६२१ म्हणजे १९० डीचं, ६१५ म्हणजे २०० डी आणि २२० डीचं, ६१६ म्हणजे २४० डीचं. कंपनीने तोच पार्ट पुढच्या इंजिनाला वापरला तरी नंबर जुनाच राहतो. म्हणून २४० डीसाठी "६१६" टाकून शोधणाऱ्याला ६१५ नंबरचा, तसाच आणि स्वस्त पार्ट दिसतच नाही. उलट बाजूने, २४० डीचा बोअर आधी ९१ मिलिमीटर होता, १९७८ पासून ९०.९ झाला. एक दशांश मिलिमीटर! यादीच्या मथळ्यात तो फरक कोणी लिहीत नाही.

चूक: आधी पिस्टन, मग मोजमाप

क्रम असा हवा: इंजिन उघडा, सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या, किती झिजलाय ते बघा आणि बोअरिंगवाल्याला विचारा की पुढचा कुठला साइज निघेल. ब्रिटिश इंजिनात ओव्हरसाइज (झिजलेल्या सिलिंडरसाठीची वाढीव मापं) थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, असतात, वीस, तीस, चाळीस, कधी साठ. जर्मन इंजिनात सहसा अर्धा मिलिमीटर, एक मिलिमीटर. साइज ठरला की तेवढ्याच साइजचा सेट शोधा. पिस्टन हातात आल्यावर त्या पिस्टनच्या मापाने शेवटचा बोअर काढायचा. चांगला मशीनिस्ट पिस्टन बघितल्याशिवाय शेवटचा हात फिरवतच नाही.

क्रँकचंही तेच. ग्राइंडिंग आधी, बेअरिंग नंतर. "स्टँडर्ड साइज बेअरिंग, जुना स्टॉक" अशी यादी बघून लोक बोली चढवतात, आणि त्यांचा क्रँक आधीच दोनदा ग्राइंड झालेला असतो. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइजच्याही पुढे गेला असेल तर स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) टाकून परत स्टँडर्डवर आणता येतो. मग सहज मिळणारा स्टँडर्ड सेट चालतो आणि साठ थाऊच्या एकुलत्या एका सेटमागे धावावं लागत नाही. स्लीव्हचा खर्च आणि त्या दुर्मीळ सेटची बोली शेजारी शेजारी लिहून बघा. गोव्यात असं काम मनासारखं होत नसेल तर बेळगाव किंवा कोल्हापूरचं उद्यमनगर काही फार लांब नाही.

चूक: यादीतले शब्द खरे मानणं

"अनटेस्टेड" म्हणजे विक्रेत्याने तपासलेलं नाही, असं तो म्हणतो. मी त्याचा अर्थ "तपासलं, चाललं नाही" असाच धरतो आणि तेवढाच भाव देतो. "रिकंडिशन्ड" लिहिलं असेल तर काय काय बदललं ते विचारा. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचा एसयू कार्बोरेटर असेल तर थ्रॉटल शाफ्ट आणि त्याचे बुश बदलले का, की नुसतं बॉडीला पॉलिश मारलंय? चकचकीत फोटो आणि शाफ्टमध्ये खडखडाट, ही जोडी फार जुनी आहे.

"न्यू ओल्ड स्टॉक", म्हणजे जुना पण न वापरलेला माल, हा सगळ्यांत महाग शब्द. वॉल्व्ह, टायमिंग गिअर, पुशरॉड असा लोखंडी माल तेलकागदात नीट राहिला असेल तर खुशाल घ्या, पैसे वसूल होतात. पण रबर, कॉर्क आणि डायफ्रॅम चाळीस वर्षं डब्यात पडूनही म्हातारे होतात. ऑइल सील कडक होतो, कॉर्कचं गॅस्केट आकसतं, पेट्रोल पंपाच्या जुन्या डायफ्रॅमला आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही. मूळ कंपनीचा पिवळा पडलेला डबा शोकेसमध्ये शोभतो, इंजिनात नवीन बनावटीचा सीलच घाला. एसयू कार्बोरेटर आणि त्यांचे किट तर इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. तरीही वापरलेल्या जोडीवर नव्याच्या भावाहून वर बोली गेलेली दिसते. बोली लावण्यापूर्वी नव्या मालाच्या दुकानाचा भाव बघायचा, एवढंच.

सिलिंडर हेडचा फोटो कितीही स्वच्छ असो, क्रॅक तपासल्याचा आणि प्रेशर टेस्टचा पुरावा मागा. अॅल्युमिनियम हेड असेल, फियाट ११०० सारखं, तर पाण्याच्या वाटांचा जवळून फोटो हवाच. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलेलं हेड आतून कुरतडलेलं असतं.

चूक: नाना पेठ सोडून थेट लंडन

अॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरीजचं, जे एमजीच्या गाड्यांतही असे. इंग्लंडमधल्या लिलावात त्याच्या पार्टला एमजीच्या नावाने भाव चढतो, आणि इकडे पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अॅम्बेसेडरचा म्हणून तो माल मिळण्याची शक्यता असते. पद्मिनीसाठी तर परदेशी लिलाव उघडायचं कारणच नाही.

२४० डीचं ६१६ इंजिन बजाज टेंपोने परवाना घेऊन पुण्याजवळ बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. ट्रॅक्स कोकण-गोव्यात किती धावल्या ते सांगायला नको. तिच्या पार्टवाल्याकडे आपला जुना पार्ट हातात घेऊन जा, नंबर आणि माप जुळवून बघा. सगळंच जुळेल असं नाही, पण जे जुळेल त्याचे पैसे जर्मनीला पाठवायची गरज उरत नाही. पार्ट ट्रॅक्सचा आहे म्हणून नाक मुरडणारे मर्सिडीजवाले मी पाहिलेत. त्यांना शुभेच्छा.

चूक: बोलीची रक्कम म्हणजेच किंमत समजणं

समजा १२ हजार रुपयांत सेट जिंकला आणि कुरिअरचे साडेचार हजार. ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही, भाडं आणि विमा धरून झालेल्या किमतीवर लागते, आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) त्या ड्युटीसकट रकमेवर. दर मालाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, तो आधी बघून घ्या. हिशेबापुरतं सगळं मिळून ३५ टक्के धरलं तर १६,५०० वर ५,७७५ झाले. कुरिअर कंपनीचा क्लिअरन्सचा आकार दीड हजार धरा, कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के धरा. बेरीज २४ हजारांच्या वर जाते. म्हणून उलटं मोजा: घरपोच साडेचोवीस हजारांहून जास्त द्यायचे नसतील तर बोलीची मर्यादा १२ हजार. हा आकडा दिवसाउजेडी कागदावर लिहा.

जड आणि मोठ्या मालाला कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा खोका या गणितात भलताच महाग पडतो.

आणखी तीन गोष्टी. "गिफ्ट म्हणून पाठवतो" असं विक्रेता म्हणाला तर नाही म्हणा. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली, आणि खोटी किंमत लिहिलेलं पार्सल अडकलं तर भुर्दंड तुम्हालाच. दुसरं, यंत्रसामग्रीत न मोडणारा वापरलेला माल आयात करायला डीजीएफटीची (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते, त्यामुळे वापरलेल्या हेडवर किंवा क्रँकवर बोली लावण्यापूर्वी कस्टम एजंटला विचारा. तिसरं, "एक्स्चेंज" असं लिहिलं असेल तर तो भाव जुना पार्ट परत पाठवणाऱ्यासाठी आहे. म्हापशाहून बर्मिंगहॅमला जुनं लोखंडी हेड पाठवायचा खर्च काढून बघा, हसू येईल.

चूक: मध्यरात्री भरात बोली चढवत बसणं

इंग्लंडमध्ये रविवारी रात्री आठला संपणारा लिलाव आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला संपतो. त्या वेळी डोकं ताळ्यावर नसतं. म्हणून ईबेसारख्या साइटवर दिवसा कागदावर लिहिलेली कमाल रक्कमच एकदाच, अगदी शेवटी टाकावी. साइट दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरीच वर नेते. तीन दिवस आधीपासून शंभर-शंभर वाढवत बसलं की आपणच भाव चढवतो. भाव ठरवताना चालू याद्या बघू नका, विकल्या गेलेल्या मालाचा फिल्टर लावा. बोलीचा इतिहासही उघडा. एखादा बोलीदार सतत त्याच एका विक्रेत्याच्या मालावर बोली लावतो आणि नेमका हरतो, असं दिसलं तर बाजूला व्हा, तो भाव चढवायला बसवलेला विक्रेत्याचाच माणूस असू शकतो.

चूक: वैतागून अख्खं इंजिन घेणं

पार्टपेक्षा पूर्ण इंजिन स्वस्त दिसतं खरं. पण आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, म्हणजे आरटीओच्या फेऱ्या आल्या. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

चुकीचा पार्ट येऊन पडलाय, आता?

बसवून बघू नका. पिस्टनवर तेलाचा डाग पडला तरी परतीचा वाद सुरू होतो. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर लावून मापाचा फोटो घ्या आणि यादीत लिहिलेल्या मापाशेजारी ठेवून विक्रेत्याला साइटवरूनच पाठवा. वर्णनाप्रमाणे माल नसेल तर ईबेवर साधारण ३० दिवसांत तक्रार करता येते. पैसे साइटबाहेर दिले असतील तर मात्र हा दरवाजा बंद.

यादी बरोबर होती आणि आपणच चुकीचं मागवलं असेल तर परत पाठवण्याचं भाडं सहसा नुकसान वाढवतं. त्याऐवजी इकडेच विका. गोवा, पुणे, बंगळुरूकडे तेच इंजिन असलेला कोणीतरी असतोच. विकताना इंजिन नंबरची सुरुवात, पार्ट नंबर, मिलिमीटरमधलं माप आणि मायक्रोमीटरसकट फोटो द्या. मथळ्यात "दुर्मीळ" लिहायचा मोह होईल, पण माप लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक लवकर फोन करतं.