कापसाची पट्टी हातात आली की आधी काय करायचं

आपल्याकडं पगार नाही भाऊ, पैसा येतो तो वर्षातून दोन-तीनदा, दिवाळीच्या मागंपुढं सोयाबीनचा, मग कापसाचा, मग तुरीचा, आणि होळीपर्यंत कुठं गेला ते कोणालेच सांगता येत नाही. म्हणून आपल्यासाठी पैशाचा कारभार म्हणजे पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशोब आणि पैसा, हातात आली त्या दिवशी काय करायचं, एवढंच.

पहिले देवाचं अर्पण बाजूला काढा. यावर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, दरवर्षी वाद होतो, दशमांश (दहावा भाग) पूर्ण पट्टीवर की खर्च जाऊन उरलं त्यावर? समजा लाखाचा कापूस झाला आणि बी, खत, फवारणी, निंदण, वेचाई मिळून 65 हजार गेले, तर एका हिशोबानं 10 हजार होतात न् दुसऱ्यानं साडेतीन. बायबलातल्या अनुवाद 14:22 मध्ये शेताच्या उपजाचा दहावा भाग सांगितलाय म्हणून काही जण पूर्ण पट्टी धरतात, पण नव्या करारात मंडळीला आकडा घालून दिलेला नाही, 2 करिंथ 9:7 मध्ये ज्यानं त्यानं मनात ठरवल्यासारखं द्यावं, कुरकुर करत नाही, असं आहे. माझं मत विचाराल तर उधारीचं खत फेडायचं ठेवून दिलेला दशमांश कृषी केंद्रवाल्याच्या पैशातला असतो, आपला नाही. पाळक साहेबांनी विचारलं काऊन कमी दिलं, तर वही दाखवा.

मग कर्ज. नहेम्या 5 एकदा वाचाच, लोकांनी दुष्काळात धान्यासाठी वावरं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली होती आणि त्यांचा अधिकारी नहेम्या सावकारांवर भडकला, ते व्याज म्हणून शंभरावा हिस्सा घेत होते, बरेच जण तो महिन्याचा धरतात म्हणजे शेकडा 1. आपल्या गावात शेकडा 3 चालू आहे, वर्षाचे 36 टक्के, पऱ्हाटी तेवढं देते का? म्हणून आधी सावकार, मग कृषी केंद्राची उधारी. बँकेचं पीककर्ज मात्र मुदतीच्या आतच भरा, 3 लाखांपर्यंतचं वेळेत भरलं तर व्याज 4 टक्क्यांवर येतं आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेत तेही सुटतं, मुदत गेली की सवलत गेली. कर्जमाफीची वाट पाहत बसणारे थकबाकीत जातात, बँक नवं कर्ज देत नाही, न् पुन्हा तोच सावकार.

जामीन राहू नका. नीतिसूत्रे 22:26-27 मध्ये सरळ लिहिलंय, अंगाखालचं अंथरूण जाईल. भाऊबंद नाराज झाले तर होऊ द्या.

पुढच्या जूनचं बी-खत आधीच वेगळं ठेवा, बायबलातल्या योसेफानं सुकाळातला पाचवा हिस्सा साठवला होता तसं. त्यानंतर उरलं तर गुंतवणूक.

इथं मी स्वतः खड्ड्यात पडलोय. उपासना झाल्यावर मंडळीतल्याच एका भावानं स्कीम सांगितली, तीन वर्षांत डबल, प्रार्थना पण केली त्यानं, आणि मी 40 हजार दिले, परत आले शून्य. येशूच्या तलंतांच्या (तलंत म्हणजे त्या काळचा मोठा पैसा) दाखल्यात घाबरून पैसा पुरणाऱ्याला धनी रागावला खरं, पण त्यानं सांगितलं काय, निदान सावकारी पेढीवर तरी ठेवायचा होता, व्याज मिळालं असतं. म्हणजे साधं व्याज चालतं, डबलचा नाद धरायची गरज नाही. बँकेत एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे तिथं टाकायच्या आधी लक्षात घ्या. पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, पण चांगली. एसआयपी करणाऱ्यांना, म्हणजे म्युच्युअल फंडात हप्त्यानं पैसा टाकणाऱ्यांना, एक, शेअर बाजाराच्या निफ्टी यादीतल्या 50 कंपन्यांत सिगारेटवाली आयटीसी पण बसलेली आहे, तुमच्या विवेकाला चालतं का ते तुम्हीच पहा, मला स्वतःला खटकतं.

उपदेशक 11:2 म्हणतं सात-आठ वाटे कर, कोणतं संकट येईल ठाऊक नाही. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं नुसत्या कापसावाल्यांचं काय केलं ते आठवा, ज्यांच्याकडं मधात तुरीचे तास होते, दोन शेळ्या होत्या, ते कसेबसे निघाले.

आणि खात्यावर बायकोचं नाव जोडून घ्या, नॉमिनी टाका, पट्टीचा आकडा तिला त्याच संध्याकाळी सांगा. आमच्या घरी वही आता तीच लिहिते, म्हणून ते 40 हजार कशात गेले तेही तिच्याच अक्षरात आहे.