सागरी शर्यतीच्या नौकेवरील दिनक्रम कसा सांभाळावा

महासागरी शर्यतीत शिडाची नौका रात्रंदिवस धावत असते, त्यामुळे बहुतेक नौकांवर खलाशांचे दोन गट करून साधारणतः चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या जातात. पाळी सुरू होण्याच्या किमान वीस मिनिटे आधी उठावे. कललेल्या, आदळणाऱ्या नौकेत एका हाताने आधार धरून जलरोधक पोशाख चढवायला तेवढा वेळ लागतोच, आणि उशीर केल्यास थकलेल्या सोबत्याची झोप आपण खातो. वर जाताना, दारातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वीच, सुरक्षा-पट्ट्याची कडी अडकवावी. हा नियम शांत समुद्रातही मोडू नये.

बिछाना बहुधा दोघांत एकच असतो. एक उठला की दुसरा त्याच उबेत शिरतो. झोपताना पाय नौकेच्या नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) ठेवावेत, म्हणजे नौका अचानक अडखळली तर डोके आणि मान आपटत नाही.

अंगाला सुती कपडा नको, लोकरीचा असावा, कारण सुती कापड भिजल्यावर ऊब देत नाही. खारे पाणी कपड्यांवर वाळले तरी त्यातील मीठ हवेतील ओलावा पुन्हा शोषते आणि काचलेल्या त्वचेवर फोड येतात. म्हणून मनगटे, मान आणि मांड्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने रोज पुसाव्यात. जेवण बहुतांशी निर्जलीकृत असते. त्यात गरम पाणी घालून ते पुरेसे मुरू द्यावे आणि भूक नसली तरी खावे.