स्पेस स्टेशनसारखी मेथी घरात कशी उगवायची

स्पेस स्टेशनवर २०१५ ला अंतराळवीरांनी तिथंच उगवलेलं लाल लेट्युस (सॅलडची पालेभाजी) खाल्लं, २०२५ ला आपले अंतराळवीर शुभांशु शुक्लांनी मेथी अन् मूग उगवून बघितले, मग लातुरात पोरांच्या विज्ञान प्रदर्शनाला परत तोच ज्वालामुखी कशाला न्यायचा!

मेथी रात्रभर भिजवा. प्लास्टिकच्या डब्याला बुडाशी भोक पाडून सुती वात ओवा, वर धुतलेलं कोकोपीट भरा अन् वातीचं टोक खाली पाण्याच्या वाटीत सोडा. बी पेरताना एकदा ओलं करा, नंतर वरून पाणी अजिबात ओतू नका, खरी गोम इथंच आहे, तिकडं स्टेशनवर वजनच जाणवत नाही, म्हणून पाणी खाली झिरपतच नाही, गोळा होऊन मुळांना चिकटतं अन् मुळं गुदमरतात, म्हणून भाजलेल्या मातीच्या कणांनी भरलेल्या उशीसारख्या छोट्या पिशव्या अन् वाती वापरतात. ठिबकवाल्याला हे लगेच कळतंय.

वर लाल-निळा एलईडी रोज १२-१४ तास, शेजारी छोटा फॅन हळू, कारण तिकडं गरम हवा आपोआप वर जात नाही, हलवावीच लागते. मे महिन्यात नका करू, ४२ डिग्रीत लै वाळते.

आठ-दहा दिवसांत कोवळी कापा, धुवा, भाकरीसोबत कच्चीच खा.